माता-बालपोषण, मराठवाड्यातील

गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या सु. एक हजार दिवसांत माता व मूल यांना मिळणारा आहार आणि निगा यांस माता-बालपोषण असे म्हणता येईल. नांदेड, लातूर व लगतच्या जिल्ह्यांत या विषयाचा इतिहास दुष्काळनिवारणापासून सुरू होतो. उपाशी मजुराला अन्न देण्यापासून निघालेला हा विचार प्रथम मुलापर्यंत, मग गर्भवती स्त्रीपर्यंत पोहोचला. त्याला जवळजवळ चार दशके लागली.

या प्रदेशाचा पारंपरिक आहार रब्बी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, करडईचे वा जवसाचे तेल आणि अंबाडी, तांदुळजा, घोळ, करडईची कोवळी पाने यांसारख्या भाज्या असा होता. यांपैकी अनेक भाज्या शेताच्या बांधावर आपोआप उगवत व त्यांना पैसा लागत नसे. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा असा निराळा आहार ठरलेला होता. गर्भवतीबाबत मात्र हात आखडता असे. गर्भ मोठा झाल्यास प्रसूती अवघड होते, या समजुतीने तिचे खाणे शेवटच्या महिन्यांत कमी केले जाई. डोहाळजेवणाचा एक दिवस सोडला, तर ती बहुधा सर्वांच्या मागून व उरलेले जेवत असे. अर्भकाला पहिले दोन-तीन दिवस चीकदूध न देता मध किंवा गूळपाणी चाटविण्याची रीतही सार्वत्रिक होती. चीकदुधात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असल्याने ही रीत अर्भकास विशेष घातक ठरे.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर (१९४८) मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्याच वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवटचा आदिवासी भाग नांदेडला जोडला गेला. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यातील रोजगार हमीच्या कामांवर एका वेळी सु. ५० लक्ष मजूर होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. खडी फोडणाऱ्या व पाझर तलावांची माती वाहणाऱ्या स्त्रियांत गर्भवतीही असत. कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड कोरडा पदार्थ, आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांची आठवण या भागात अद्याप टिकून आहे. जीव जगविण्यास हे अन्न उपयोगी पडले. गर्भवतीची वेगळी गरज मात्र त्यात विचारात घेतलेली नव्हती.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिल्या प्रकल्पांत धारणी व मुंबईतील धारावी हे होते. मराठवाड्यात तिचा विस्तार नंतर झाला. (अंगणवाडी ही कल्पना व संज्ञा ताराबाई मोडक यांच्या १९४५ मधील बोर्डी येथील प्रयोगातून आलेली आहे.) योजनेत गर्भवती व स्तनदा माता यांचा समावेश आरंभापासून होता. प्रत्यक्षात भर पडला तो तीन ते सहा वर्षांच्या, म्हणजे अंगणवाडीत चालत येणाऱ्या मुलांवर. खुजेपणाची बहुतेक हानी तत्पूर्वीच झालेली असते. घरी नेण्यासाठी दिलेला आहार सर्व कुटुंबात वाटला जाई, ही दुसरी उणीव होय.

तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील एका वस्तीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनंतर विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत, अर्थात नांदेड व लातूर येथेही, मुलांची गणना व वजने करून तीव्र कुपोषितांवर लक्ष केंद्रित करण्याची मोहीम सुरू झाली. तिचे महत्त्व वाटपापेक्षा मोजणीत अधिक होते. कागदावर नसलेल्या मुलावर उपचार होऊ शकत नाही. याच अनुभवातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. त्याचे कार्य पुढे राज्यभर पसरले आणि २०११ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पहिले एक हजार दिवस हे त्याचे क्षेत्र ठरले. २०१२ च्या राज्य पाहणीत दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणा २००५-०६ च्या तुलनेने एकतृतीयांशाने तरी घटलेला आढळला. पाच वर्षांखालील मुलांत तो राष्ट्रीय पाहण्यांनुसार २००५-०६ मध्ये ४६.३%, २०१५-१६ मध्ये ३४.४% व २०१९-२१ मध्ये ३५.२% होता, म्हणजे ही घट पुढे थांबली.

किनवटसारख्या आदिवासी भागांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गर्भवती व स्तनदा मातेने दिवसातील एक पूर्ण जेवण अंगणवाडीतच घ्यावयाचे असते. वाटून जाणाऱ्या आहाराच्या दोषावर हा उपाय होता. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांपर्यंत अशा सेवा नेणे कठीणच राहिले. गावातील नोंदवहीत नाव असते आणि बाई मात्र फडावर कोयता चालवीत असते. शेतीही बदलली. १९९० नंतर सोयाबीनचे क्षेत्र वाढले, लातूर ही त्याची मोठी बाजारपेठ झाली. हे प्रथिनसमृद्ध पीक तेलगिरण्यांकडे जाते, पिकविणाऱ्याच्या ताटात क्वचितच येते. तणनाशकांमुळे बांधावरील भाज्याही विरळ झाल्या.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात अर्भकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ. आढळले. मातेने घेतलेल्या एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, दूध व फळे यांच्याशी त्याचा संबंध अधिक स्पष्ट होता. पालेभाज्या, फळे व दूध यांचा खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून देऊन मुंबईत केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सर्वांत कृश स्त्रियांच्या अर्भकांचे वजन वाढले नाही. काही महिन्यांच्या आहाराने वर्षानुवर्षांची कृशता भरून निघत नाही, असा त्याचा अर्थ दिसतो. २०१९-२१ च्या पाहणीत २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. मराठवाड्यातील बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून अधिक होते. या मुलींची पहिली गर्भधारणा त्यांची स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच होते.