कोठारातला बर्फ

लादी काचेसारखी हवी असेल तर डब्यातल्या पाण्यात सतत हवा सोडावी लागते. नाहीतर मधोमध पांढरा गाभा राहतो. हे मला दहाव्या वर्षीच ठाऊक होतं, कारण रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदराजवळ आमचा बर्फाचा कारखाना होता. मासळीला पांढरी लादीही चालते, पण कारखाना चालवणाऱ्या अण्णांना ती चालत नसे. बर्फात वाढलेला मी, बर्फावर कुणी दगड घेऊन खेळत असेल हे मात्र सत्तरी जवळ आल्यावर पाहिलं. तेही इंग्लंडात, केंटमधल्या एका शेतावर.

मुलगा टनब्रिज वेल्सजवळ राहतो. दगडांच्या या खेळाला कर्लिंग म्हणतात; त्यासाठीच्या फेंटन्स रिंकवर नातवाने मला नेलं. अर्नेस्ट फेंटन यांनी शेतावर उभारलेली ही रिंक 2004 साली सुरू झाली. त्याआधी कित्येक वर्षं इंग्लंडमध्ये खास कर्लिंगसाठी राखलेला बर्फ कुठे नव्हता. स्केटिंगच्या रिंका होत्या, पण स्केटच्या पात्यांनी ओरखडलेल्या बर्फावर हा खेळ नीट होत नाही. लंडनजवळची रिचमंडची जुनी रिंकही 1992 मध्ये बंद झाली. मन लावून खेळणारा गाडी काढून स्कॉटलंडला जायचा.

हा खेळ स्कॉटलंडचाच. सतरा ते वीस किलोचा घोटीव ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून साधारण तीस मीटर सरकवायचा आणि रंगीत वर्तुळांच्या मध्याशी नेऊन थांबवायचा. या वर्तुळांना ते 'घर' म्हणतात. नामांकित दगड एल्सा क्रेग या समुद्रातल्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे. नातू म्हणाला, "आजोबा, मोठ्ठा कॅरम आहे हा." पोरगं बरोबर बोललं. कॅरमवर आपण बोरिक पावडर टाकतो. हे लोक बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. थेंब गोठून पुरळासारखे उंचवटे उठतात आणि दगड त्यांच्या माथ्यांवरून धावतो. सपाट बर्फावर तो लवकरच अडून बसेल.

मला वाटलं होतं, थंड देशात बर्फाला काय तोटा! उलट या खेळाचा सगळा इतिहास बर्फाच्या टंचाईचाच आहे. स्कॉटलंडची थंडी लहरी. तळं माणसांचा भार सोसेल इतकं गोठायला सलग कडाका लागतो, तो एखाद्या वर्षी पडतो, एखाद्या वर्षी नाही. लार्ग्जच्या जॉन केर्नी यांनी 1828 च्या सुमारास यावर साधा तोडगा काढला. मातीचा घट्ट तळ करायचा आणि त्यावर पाण्याचा पातळ थर सोडायचा. थोड्याशा थंडीतही तो रातोरात गोठतो, आणि फुटला तरी कुणी बुडत नाही. केर्नींच्या घराचं नावच 'कर्लिंग हॉल'. 1838 मध्ये एडिंबरात खेळाचा मध्यवर्ती क्लब निघाला तेव्हा पहिले अध्यक्ष तेच झाले.

उत्तर विरुद्ध दक्षिण स्कॉटलंड असा उघड्या तळ्यावरचा 'ग्रँड मॅच' मात्र आभाळावरच विसंबून राहिला. कार्सब्रेकच्या तळ्यावर 1853 ते 1935 या ब्याऐंशी वर्षांत तो फक्त 25 वेळा होऊ शकला. शेवटचा झाला 1979 मध्ये, लेक ऑफ मेंटीथवर.

आमच्या धंद्यातल्या माणसाला खरा जवळचा वाटावा तो जॉन गॅमगी. गुरांचा डॉक्टर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं मांस गोठवून विलायतेला कसं आणता येईल या खटपटीत असताना त्याला बर्फाच्या जमिनीची युक्ती सुचली. 1876 मध्ये लंडनच्या चेल्सी भागात त्याने यंत्राने गोठवलेली रिंक उघडली. खाली काँक्रीट, त्यावर माती, मग गाईचे केस, मग फळ्या, मग तांब्याच्या नळ्या. नळ्यांतून ग्लिसरीन मिसळलेलं थंडगार द्रावण फिरायचं आणि वरचं पाणी गोठायचं. गाईचे केस वाचून मी हसलो. खालची ऊब वर चढू नये म्हणून ते होते. आम्ही लादी भाताच्या तुसात ठेवायचो, तीच अक्कल. पुढे मँचेस्टर आणि साउथपोर्टला अशाच रिंका निघाल्या आणि तिथे कर्लर मंडळी छपराखाली खेळू लागली. साउथपोर्टची रिंक दहाएक वर्षांत बंद पडली. बर्फ करता येतो हे सिद्ध झालं होतं. तो रोज परवडला पाहिजे, ही अडचण उरली. ती आमच्या धंद्यालाही कधी चुकली नाही.

म्हणून केंटच्या शेतावर मी दगडांपेक्षा भिंतीपलीकडची घरघर जास्त ऐकली. कॉम्प्रेसर. खेळाचे नियम, दगड आणि जाणकार खेळाडू हे सगळं इंग्लंडात होतंच. नव्हता तो बिल भरून बर्फ राखणारा माणूस. असा एक उभा राहिला आणि खेळाला घर मिळालं. आता उत्तरेला प्रेस्टनजवळही एक रिंक आहे.

खेळ संपल्यावर एक गृहस्थ पाठीवर पाण्याची टाकी अडकवून, हातातली झारी डावी-उजवी हलवत मागे मागे चालत गेले. मी विचारलं, उन्हाळ्यात काय करता? म्हणाले, यंत्र बंद, बर्फ वितळू द्यायचा. हंगाम आला की पुन्हा थरावर थर चढवायचे.

आमचंही तेच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की अण्णा टाकी रिकामी करून नळ्या घासायला काढत. नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी ते पुन्हा खटका ओढायचे आणि पहिली लादी निघेपर्यंत घरी जेवायला येत नसत. समुद्रात नारळ पडायच्या आत बर्फ तयार हवा, एवढंच म्हणायचे.