कोटणीसांबरोबर गेलेला दुसरा डॉक्टर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतः कोटणीसांची भूमिका केली, आणि सोलापूरचा हा डॉक्टर घराघरांत पोचला. चित्रपटाचा आधार होता ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक. त्याचे इंग्रजी नाव 'अँड वन डिड नॉट कम बॅक' असे आहे. पाच गेले, त्यांतला एक परत आला नाही. आपण त्या एकाची कथा मनापासून जपली. जे चार परत आले त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मराठीत फारसा कुणी विचारलेला दिसत नाही. त्यांतल्या एकाने पुढे चिनी वैद्यक शिकून, ते भारतात आणून, आयुष्यभर चालवले आणि शिकवले. त्याचे नाव डॉ. बिजय कुमार बसू.

पथक कसे निघाले ते थोडक्यात सांगतो. जपानने १९३७ साली चीनवर चढाई केली. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना वैद्यकीय पथक पाठवण्याचे ठरले, आणि सप्टेंबर १९३८च्या आरंभी मुंबई बंदरातून 'राजपुताना' बोट निघाली. पथकात अलाहाबादचे मदन अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस आणि कलकत्त्याचे देबेश मुखर्जी व बिजय बसू असे पाच जण होते. म्हणजे पाचांत दोघे मराठी. चोळकर पन्नाशी ओलांडलेले, तर कोटणीस आणि बसू पंचविशीच्या आसपासचे. चीनमध्ये सर्वांनी आपल्या नावांना 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडून घेतले. कोटणीसांचे झाले 'को दीहुआ'.

(बोट निघाली त्या दिवसांत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि पुढच्याच महिन्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. ब्रिटिश मुलखातले काँग्रेसवाले चीनला डॉक्टर पाठवत होते तेव्हा इकडे 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकले जात होते. एकाच सालातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.)

चोळकर व मुखर्जी लवकर परतले, त्यांच्यानंतर अटल. उरले कोटणीस आणि बसू. दोघे यानआनहून आघाडीकडे गेले. पुढे कोटणीस सीमाप्रदेशातच राहिले, बसू यानआनच्या रुग्णालयात परतले. कोटणीसांना १९४१च्या आरंभी बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख नेमले गेले. ते तिथल्या वैद्यकशाळेत चिनी भाषेत शिकवत, शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांचे वय ३२ होते आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा. चित्रपटामुळे आपल्याला शल्यविशारद कोटणीस ठाऊक आहेत. शिक्षक कोटणीस जवळजवळ ठाऊक नाहीत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोटणीसांच्या नावाने भारतात ॲक्युपंक्चरची रुग्णालये निघाली. लुधियान्याचे १९७५चे रुग्णालय त्यांतले प्रसिद्ध. त्यामुळे कोटणीस स्वतः सुया टोचत असावेत असा बऱ्याच जणांचा समज होतो. कोटणीस मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात घडलेले, पाश्चात्त्य वैद्यकाचे डॉक्टर होते. त्यांचे काम चाकूचे आणि टाक्यांचे. सुई आणली बसूंनी, आणि तीही त्या फेरीत नाही. बसू १९४३ साली परतले. यानआनमध्ये लष्करी डॉक्टरांनी सुईची विद्या मनावर घेतली ती १९४४-४५च्या सुमारास. तिथे झू लियान नावाची पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेली डॉक्टर एका जुन्या सुईवैद्याकडून, रन झ्वोतियान यांच्याकडून, ही विद्या शिकली आणि १९५१ साली तिने 'नवे ॲक्युपंक्चर' हा ग्रंथ लिहिला. बसूंची ती संधी एखाद-दोन वर्षांनी हुकली. ती पुन्हा आली १९५८ साली. ते चीनला जाऊन शिकले, आणि १९५९पासून कलकत्त्यात त्यांनी या पद्धतीने उपचार सुरू केले.

बसू नेमके काय शिकले? 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. इतिहास इतका सरळ नाही. या वैद्यकाचा मूळ ग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग' सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आला. पीत सम्राट प्रश्न विचारतो आणि वैद्य छी बो उत्तरे देतो, अशी त्याची मांडणी. चरकसंहितेत अग्निवेश आणि आत्रेय बोलतात तसेच. पण १८२२ साली चिनी सम्राटाने राजवैद्यशाळेतून सुईचा विभागच काढून टाकला, आणि १९२९ साली तिथल्या राष्ट्रवादी सरकारपुढे जुने वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला. वैद्यांनी एकजुटीने विरोध केला म्हणून ते वाचले. माओंच्या राजवटीने १९५०च्या दशकात बाजू उलटवली. डॉक्टर मूठभर, लोक कोट्यवधी. मग पाश्चात्त्य डॉक्टरांनी जुने वैद्यक शिकावे असा हुकूम निघाला, आणि १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ व छंगदू इथे महाविद्यालये उघडली. गुरूगणिक वेगळी असलेली विद्या पाठ्यपुस्तकात बसवली गेली. बसू बरोबर त्याच वेळी तिथे गेले. त्यांच्या हाती आले ते जुन्या ग्रंथांचे धागे घेऊन नव्याने विणलेले वस्त्र. मला यात काही उणे वाटत नाही. आपल्याकडे शुद्ध आयुर्वेद की मिश्र, यावर वैद्यांनी किती वर्षे भांडून काढली! चीनने ते भांडण सरकारी हुकमाने मिटवले, आणि त्या मिटवण्यात काही जुन्या शाखा गेल्याही.

दुसरा दावा आपल्या बाजूचा. ॲक्युपंक्चर मूळ भारताचेच, सुश्रुताची मर्मे म्हणजेच ते बिंदू, असे सांगणारे लेख दर वर्षी कुठे ना कुठे येतात. सुश्रुतसंहिता उघडून पाहावी. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली ती शल्यवैद्याने चाकू लावताना जपावे म्हणून. तिथे इजा झाली तर प्राण जातो, नाहीतर अवयव निकामी होतो. चिनी बिंदू, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ३६१, हे मुद्दाम टोचायचे. एक यादी 'इथे हात लावू नको' म्हणते, दुसरी 'इथे टोच' म्हणते. दोन्हींचे मूळ एकच म्हणणे म्हणजे दोन्ही ग्रंथांवर अन्याय. खरे साम्य शोधायचे तर ते शिरावेधात आणि अग्निकर्मात शोधावे.

अग्निकर्म म्हटले की गावाकडचा माणूस सावध होतो. मी राहतो त्या सिद्धेश्वरला, पूर्णा नदीवरच्या धरणाच्या या भागात, पाठ-गुडघे दुखले की बिब्बा घालणारे आणि डागणारे जुन्या लोकांच्या चांगले आठवणीत आहेत. चिनी भाषेत या उपचाराचे नाव 'झनजिऊ', म्हणजे सुई आणि शेक. पश्चिमेने त्यातली सुईच उचलली. शेक देतात तो वाळलेल्या पानांच्या कांडीने, आणि ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतो तोच दवणा. कांडी साधारणपणे कातडीपासून थोडी दूर धरतात, चटका देत नाहीत. (याच कुळातल्या आणखी एका वनस्पतीपासून थू यूयू यांनी हिवतापावरचे औषध काढले आणि २०१५ साली नोबेल मिळवले. जुन्या ग्रंथातला एक उल्लेख त्यांना वाट दाखवून गेला, पण औषध सिद्ध झाले ते प्रयोगशाळेत.)

बसूंच्या कामाकडे परत येऊ. १९६२च्या युद्धानंतर चीनशी नाते सांगणे सोपे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेल्या चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले, तो हा काळ. अशा वातावरणात 'चिनी' म्हणून ओळखला जाणारा उपचार कलकत्त्यात टिकून राहिला. मग १९७१च्या जुलैमध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांची बीजिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या पोटफुगीवर सुयांनी आराम पडल्याचे त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिले आणि जगभर लाट उसळली. बसू त्याआधी बारा वर्षे हे काम करीत होते. अखिल भारतीय कोटणीस स्मारक समितीच्या द्वारे त्यांनी डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना ही विद्या शिकवली. बंगालमध्ये मोफत दवाखान्यांची परंपरा त्यातून उभी राहिली. चीनमधल्या पाच वर्षांची त्यांची दैनंदिनी 'कॉल ऑफ यानआन' या नावाने १९८६ साली इंग्रजीत छापली गेली. त्याच वर्षी ते वारले.

शिकवण्यात त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. विद्या घराण्यासारखी जपायची, किंवा कुणालाही शिकता येईल अशी सोपी करायची. त्यांनी दुसरी निवडली. स्वस्त, औषधाविना, वीज नसलेल्या गावातही चालणारा उपचार हे यानआनच्या गुहांत काम केलेल्या माणसाला पटणारच. पण सोपी केलेली विद्या चुकीच्या हातांतही सहज जाते. छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते. न उकळलेली सुई कावीळ पसरवू शकते. आणि पक्षाघात झालेल्या रोग्याच्या घरचे कशावरही विश्वास ठेवायला तयार असतात, हा धोका सर्वांत मोठा. काही दुखण्यांवर, विशेषतः जुनाट पाठदुखी आणि गुडघेदुखीवर, सुयांनी आराम पडतो असे चाचण्यांत दिसते. मात्र भलत्याच जागी टोचलेल्या किंवा नुसत्या टेकवलेल्या सुयांनीही पुष्कळदा जवळपास तितकाच आराम पडतो. सुईचा गुण किती आणि शांतपणे अर्धा तास दिलेल्या वेळेचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

कायदा मागाहून आला. पश्चिम बंगालने १९९६ साली स्वतंत्र कायदा केला. केंद्राने २००३ साली ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार मानले आणि २०१९ साली स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राचा कायदा २०१५चा. त्याने नोंदणी आणि परिषद यांची सोय केली. त्याआधी आमच्या विभागात औरंगाबादच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ ॲक्युपंक्चर सायन्ससारख्या संस्थांच्या शिकवणीवर शिकलेले लोक काम करीत. त्यांची योग्यता ठरवणारे कुणी नव्हते. आता नोंदणी आहे, पण तालुक्याच्या गावातल्या रोग्याला समोरच्या माणसाची नोंदणी विचारायची असते हे अजून माहीत नाही.

सोलापुरात कोटणीसांच्या घरी आज महापालिकेने स्मारक केले आहे. चिनी पाहुणे तिथे येऊन फुले वाहतात. बसूंचे नाव कोलकात्याच्या सरकारी ॲक्युपंक्चर संस्थेला दिलेले आहे. तिथे वर्ग भरतात.