आंबागड आणि देवगडची यादवी

आंबागड : भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील गिरिदुर्ग. सातपुड्याच्या ज्या डोंगरांत तो उभा आहे, तेही आंबागडचे डोंगर म्हणूनच ओळखले जातात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा शिवनीकडील सुभेदार राजाखान पठाण याने सुमारे 1700 मध्ये गड बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचे नासलेले पाणी कैद्यांना प्यायला लावत, असे परंपरा सांगते.

देवगडच्या मुलखात भोसल्यांचा शिरकाव झाला तो राजघराण्यातल्या भाऊबंदकीमुळे. 1739 च्या सुमारास राजा चांद सुलतान वारला आणि बख्त बुलंदाचा अनौरस मुलगा वली शहा याने गादी बळकावली. विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. त्यांनी वली शहाचा पाडाव केला, राजपुत्रांना राज्य मिळवून दिले आणि भरघोस मोबदला घेऊन ते परतले. पण बुऱ्हाण शहा व अकबर शहा या भावांचे पटेना. 1743 मध्ये बुऱ्हाण शहाने पुन्हा रघूजींनाच हाक मारली. अकबर शहाला मुलूख सोडावा लागला. रघूजी मात्र या खेपेस नागपुरातच राहिले.

यादवी संपल्यावर जे घडले, ते लढायांहून मोलाचे आहे. डोंगरतालचा महंमदखान पठाण जुन्या धन्यासाठी तीन वर्षे झुंजत राहिला. रघूजींनी त्याच्या इमानाची कदर केली. डोंगरताल सोडल्यास शिवनीचा मुलूख देऊ, असा शब्द त्यांनी दिला आणि पाळला; महंमदखान ‘दिवाण’ किताब घेऊन छपाऱ्याला गेला. हरलेल्या शत्रूचा असा मान त्या काळच्या राजकारणात सहसा राखला जात नसे.

बुऱ्हाण शहाची सत्ता गेली, पण ‘राजा’ हे पद आणि नेमणूक राहिली. भोसल्यांच्या राज्यारोहणाच्या वेळी टिळा लावायचा तो गोंड राजानेच. महसुलाच्या काही कागदांवर त्याचा शिक्काही उमटत असे. कारभार भोसल्यांचा, तरी जुन्या राजाची खूण कागदावर कायम! विदर्भाच्या इतिहासात या शिक्क्याची दखल फारच कमी घेतली जाते, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. अर्थात हा समेट जेत्याने आपल्या अटींवर घडवलेला होता, आणि परागंदा अकबर शहाला त्यात जागा नव्हती.

1853 मध्ये तिसरे रघूजी वारले आणि इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. गोंड राजाची नेमणूक मात्र त्यांनीही पुढे चालू ठेवली.