एकाच पेटीत दोन मते

१९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघाला दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच देण्याची मुभा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या, की एक बाद. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १४,५६१ मतांनी हरले. बाद मते होती ७४,३३३! ती कुणाची, हे कळायला मार्ग नाही. पण आकडा अजून सलतो.

याच मुंबईत १९३७ साली नियम उलटा होता. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात घालायलाही हरकत नव्हती. संख्येने थोड्या असलेल्यांनी एकजूट केली, की त्यांचा माणूस निवडून येई. पुणे करारानंतर ही पद्धत आंबेडकरांनीच आग्रहाने मागितली होती, आणि तिच्यावर ते निवडूनही आले.

जानेवारी १९४९मध्ये घटना समितीत वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी नेमकी हीच पद्धत लोकसभेसाठी सुचवली. आंबेडकरांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वालाच नकार दिला. देश निरक्षर आहे आणि सभागृहाचे तुकडे पडले तर सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणे. दुसरे कारण आजही वजनदार आहे. पहिले मात्र आता कोण देईल?

पसंतीक्रम आपल्याला परका नाही. १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीवर कुणालाच कोटा गाठता आला नाही. आपले चिंतामणराव देशमुख तिसरे होते. त्यांना दिलेल्या मतांवरची दुसरी पसंती बहुतांशी संजीव रेड्डींकडे गेली, तरी गिरी निसटते जिंकले. देशमुखांना मत देणाऱ्याचेही मत शेवटपर्यंत मोजले गेले, हे मला मोठे वाटते. विधान परिषदेसाठी माझ्यासारखा साधा बी. ए. झालेला माणूसही १, २, ३ लिहून येतो. लोकसभेला मात्र एकच बटण. २०१४ साली बहुजन समाज पक्षाला देशभर सुमारे ४ टक्के मते पडली आणि खासदार शून्य.

लोकसभेचे राहू द्या. २०१७ साली आपल्या कितीतरी महापालिकांत चार-चार नगरसेवकांचे प्रभाग होते. पण प्रत्येक जागेचे मत वेगळे, त्यामुळे चारही जागा एकाच पक्षाला जाऊ शकत. अशा प्रभागात १९३७चा नियम एकदा लावून पाहायला काय हरकत आहे?