पोरांना कोण विचारतं?

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचं नाव मध्ययुगीन इतिहासात ठळकपणे येतं ते एका भांडणामुळे. 1518 मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने हे ठाणं वऱ्हाडच्या इमादशाहीकडून हिसकावून घेतलं. पुढे ते हातचं गेलं आणि 1527 मध्ये त्याने ते पुन्हा जिंकलं. एवढ्या हट्टाचं कारण फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितलं आहे. निजामशाही घराण्याचे मूळ पुरुष पाथरीचे ब्राह्मण. कुलकर्णीपणाचं वतन त्यांच्याकडे होतं आणि मग ते विजयनगरच्या मुलखात गेले. तिथे अहमदशहा बहमनीच्या फौजेने तिमापा नावाचा त्यांचा लहान मुलगा पकडला. तो गुलाम झाला, मुसलमान झाला, मलिक हसन झाला आणि वजीर महमूद गावानच्या खुनानंतर बहमनी राज्याचा कारभारी झाला. 1490 मध्ये स्वतंत्र झालेला अहमद निजामशहा हा त्याचाच मुलगा, म्हणजे बुऱ्हाणचा बाप. समोरच्या बाजूची हकिकतही जवळजवळ हीच आहे. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरच्या मोहिमेत धरून आणलेला मुलगा होता. लढाईत पकडलेल्या दोन पोरांच्या वंशजांनी ज्या गावासाठी रक्त सांडलं, ते गाव पाथरी.

या साऱ्या हकिकतीत लढायांची सालं आहेत, किताब आहेत, वजिरांचे डावपेच आहेत. आईबापांपासून तोडलेल्या त्या मुलाला काय वाटलं, याची मात्र एक ओळ नाही. कुणी म्हणेल, त्याचं भलंच झालं की. कुलकर्ण्याच्या घरात राहिला असता तर वजीर झाला असता का? हा युक्तिवाद फार जुना आहे आणि मला तो मुळातच फसवा वाटतो. इतिहासाने मलिक हसनची नोंद ठेवली कारण तो वजीर झाला. त्याच मोहिमांत धरून आणलेली आणि तबेल्यांत, मुदपाकखान्यांत, छावण्यांत मेलेली बाकीची मुलं बखरीत येत नाहीत. जे मूल तगलं त्याच्या यशावरून मुलांना तोडण्याची रीत बरी होती असं ठरवणं, हा हिशेब मोठ्यांच्याच सोयीचा आहे. पाथरीत साईबाबांच्या जन्माची जी श्रद्धा आहे, तिच्यातही मूल अगदी लहानपणी एका फकिराच्या हवाली केलं जातं. जानेवारी 2020 मध्ये जन्मस्थानावरून शिर्डी बंद झाली, पाथरीच्या विकासनिधीवर राज्यभर वाद झाला. जन्मभूमी कोणती यावर सगळे बोलले. घरातून दुसऱ्याच्या हाती गेलेल्या लेकराचा विचार त्या गदारोळात कुठेच नव्हता.

मुलांबद्दलचे निर्णय मुलांना न विचारता होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. महाराष्ट्रात मुलांच्या स्थितीत जे खरे बदल झाले, त्यांच्या मुळाशी कुठे ना कुठे एखाद्या अल्पवयीन किंवा तरुण माणसाचा स्वतःचा शब्द आहे. तो शब्द जिथे उमटला तिथे निदान खडाजंगी झाली. जिथे उमटला नाही तिथे शतकं तशीच गेली. म्हणून मुलांची मतं म्हणजे शाळेतली निबंधस्पर्धा नव्हे. तो पुरावा आहे, आणि तो पुराव्यासारखाच तपासला पाहिजे.

निबंधाचा विषय निघाला म्हणून 1855 सालची एक गोष्ट. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवेचं वय तेव्हा चौदाच्या आसपास होतं. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध त्या साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या दोन अंकांत छापून आला. पेशवाईतल्या जुलमांचा पाढा त्यात आहे आणि धर्माला थेट विचारलेले प्रश्नही आहेत. पण जवळून पाहावा असा भाग वेगळाच आहे. ब्राह्मणाच्या पोराने धोंडा मारून मांग-महाराच्या पोराचं रक्त काढलं, तरी ती पोरं सरकारात फिर्याद करत नाहीत, असं ती नोंदवते, आणि लगेच कारणही देते: उष्टं मागायला त्याच घरी जावं लागतं. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पाऊस सोसत ती बाळंत होते, हेही ती लिहिते. मार खाऊनही मूल गप्प का बसतं, याचं इतकं नेमकं अर्थशास्त्र त्या काळातल्या कुठल्या मोठ्या सुधारकाने मांडलं होतं? फिर्यादीचा हक्क होता, न्यायालय होतं, इंग्रजाचं राज्य होतं. तरी भाकरीचा तुकडा आड येत होता. हे कळायला त्या वयाचं, त्या वस्तीतलंच कुणीतरी लागतं.

यावरचा आक्षेप मी हलका मानत नाही. मुक्ताच्या तोंडून फुलेच बोलत होते, शाळेत जे शिकवलं ते तिने लिहून काढलं, असं म्हणता येईल. शाळा नसती तर निबंध नसता, यात वाद नाही. पण शिकवणाऱ्याने दिलेली भाषा आणि शिकणाऱ्याने भोगलेली गोष्ट यांत फरक असतो. धोंड्याचा मार, उष्ट्याची लाचारी हे पुस्तकातून येत नाही. शिवाय मोठ्या माणसांची मतंही कुठून तरी ऐकलेली, वाचलेली असतात. त्यांना आपण हा प्रश्न कधी विचारत नाही.

दुसरा दाखला रखमाबाईचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. 1885 मध्ये, वयाच्या विशीत, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त तिने नाव न देता बालविवाहावर पत्रं लिहिली. 1887 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद, असा निकाल दिला, तेव्हा तिने कैद पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या साली तडजोड झाली, नंतर ती लंडनला शिकून डॉक्टर झाली. याच काळात कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली. या दोघींच्या प्रकरणांनी पेटलेल्या वादातून 1891 चा संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. एकीला बोलण्यापुरतं आयुष्य मिळालं, दुसरीला तेही नाही. टिळकांसारख्यांनी या कायद्याला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा राजकारण म्हणून समजण्यासारखा होता. पण त्या घराच्या आत असलेल्या मुलीला काय हवं आहे, हा प्रश्न त्यात नव्हता.

पाथरीला या कायद्यांचा वाराही लागला नाही. ती निजामाच्या राज्यात होती. मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरवणारा 1929 चा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामी राज्यात मराठी मुलाला मातृभाषेतून फार पुढे शिकता येत नसे; माध्यमिक शाळेत उर्दू आली, आणि 1918 मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ तर उर्दूच्याच पायावर उभं होतं. त्या मुलांनी तोंड उघडलं ते 1938 च्या अखेरीस. औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, नावं कापली गेली तरी सोडला नाही. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाला त्या मुलांनी बळ दिलं. पुढे फेब्रुवारी 1974 मध्ये, तेव्हा परभणी जिल्ह्यातच असलेल्या वसमतला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दोन विद्यार्थी गेले. मराठवाडा विकास आंदोलन त्यातूनच भडकलं.

मात्र या दोन्ही वेळी बोलले ते कॉलेजच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेले मुलगे. शाळा सुटलेली मुलगी त्यात नाही, आणि परभणीचा आजचा प्रश्न नेमका तिचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचं आढळलं. त्या पाहणीत सबंध राज्याचा आकडा 22 च्या आसपास होता. यामागचं एक मोठं कारण ऊसतोडीत आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल पूर्ण कोयत्याला जास्त मिळते. शिवाय वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर नेली तर पहाटे आई-बाप ऊस तोडायला गेल्यावर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, तीच उरते. धाकट्याला खेळवायचं, लांबून पाणी आणायचं, भाकरी थापायच्या. दप्तर गावाकडे राहतं, आणि पुढच्या हंगामाच्या आत तिचं लग्न उरकलं जातं.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. पोट भरत नाही तिथे मुलीच्या मताला काय किंमत? आधी पाणी द्या, काम द्या, मग मतं विचारा. गरिबी हे कारण खरं आहे आणि आईबापांना खलनायक ठरवणं मला मान्य नाही. पण जायकवाडी धरणाचा डावा कालवा आला, ऊस आला, तरी हा आकडा राहिला. नुसता पैसा पुरत नाही, कारण गरिबीतही निर्णय घेतले जातातच आणि ते तिच्याविषयीच असतात. कायद्यानेही हे ओळखलं आहे. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असं लग्न रद्द करून घेण्याचा अर्ज करायचा हक्क त्या मुलीलाच आहे, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे कायद्याने तिचं म्हणणं निर्णायक मानलं, पण ते म्हणायची जागा ठेवली लग्न लागून गेल्यावर, सासरी, बहुधा कडेवर लेकरू असताना. मुक्ताने सांगितलेल्या उष्ट्याची गाठ इथे पुन्हा पडते: ज्या घराविरुद्ध फिर्याद करायची त्याच घरात जेवायचं आहे.

मुलं अजाण असतात, त्यांना पुढचं दिसत नाही, हे म्हणणंही अर्धंच खरं आहे. शेवटचा निर्णय त्यांच्यावर टाकावा असं कुणी म्हणत नाही. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचं बारावं कलम एवढंच मागतं की मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्याला वजन द्यावं. ते ऐकायचं असेल तर लग्नाआधी, आणि हंगामाआधी. मुकादमाची उचल पावसाळ्यात वाटली जाते. 15 ऑगस्टची ग्रामसभाही तेव्हाच असते, आणि बालविवाह रोखण्याची जबाबदारी असलेला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) त्या सभेत हजर असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या आठवी-नववीच्या मुलींनी यंदा कुठे राहायचं आहे, कुणाजवळ राहायला भीती वाटते, हंगामी वसतिगृहात काय नसतं म्हणून जावंसं वाटत नाही, हे एखाद्या शिक्षिकेने त्यांना एकेकटीला, घरच्यांच्या माघारी विचारावं. नावं झाकून ते म्हणणं त्या सभेच्या इतिवृत्तात लिहावं आणि त्यावर काय केलं ते 2 ऑक्टोबरच्या सभेत वाचून दाखवावं. तोवर गाड्या भरून जायची वेळ आलेली असते.