पाऱ्याचे मिलिमीटर

“मला बीपी आहे,” असं आपण सहज म्हणून जातो. ते कुणाला नसतं? नसेल तर खांदेकरीच बोलवावे लागतील. शिवाय रक्तदाब वाढल्याच्या या दुखण्यात सांगण्यासारखं दुखतही काही नाही. आपण आकडा सांगतो. “वरचं 150, खालचं 100.” 150 काय? पाऱ्याचे मिलिमीटर.

रक्ताचा हा दाब पहिल्यांदा मोजला गेला एका घोडीचा, आणि मोजणारा होता पाद्री. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या स्टीफन हेल्सने घोडीला आडवी बांधून मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला उभी काचनळी जोडली. रक्त 8 फूट 3 इंच चढलं आणि नाडीबरोबर डुलत राहिलं. 1733 साली त्याने हे छापलं. पण शिडी लावून बीपी कोण बघणार? 1828 मध्ये पॅरिसच्या प्वाझयने नळीत पारा घातला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे फुटांचं काम मिलिमीटरवर आलं. धमनी मात्र कापावीच लागे.

त्यातून सुटका झाली 1896 मध्ये, तुरिनला. शिपिओने रिवा-रोच्चीने सायकलची ट्यूब दंडाला गुंडाळली आणि पाऱ्यासाठी चक्क दौत घेतली. हवा भरत जायचं, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पारा कुठे आहे ते बघायचं. हा वरचा आकडा. खालचा सापडला 1905 मध्ये. रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्हने कोपराच्या लवणीत स्टेथोस्कोप टेकवला. पट्टा सैल होताना पहिली टकटक येते तो वरचा, आवाज विरतो तो खालचा.

मोजता आलं, पण उमगलं नाही. आखडलेल्या धमन्यांतून रक्त ढकलायचं तर वाढलेला दाब हवाच, अशी बऱ्याच डॉक्टरांची समजूत होती. वर गुणकारी औषधही नव्हतं. मार्च 1944 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब 186/108 भरला. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशीचा आकडा होता 300/190. हृदय, मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा, मेंदूतल्या वाहिन्या हे सगळं वाढलेला दाब मुकाट्याने झिजवतो. 1948 पासून अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या हजारो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तेव्हा कुठे ते नीट हिशेबात आलं.

पारा विषारी, म्हणून तो आता दवाखान्यांतून हद्दपार होतोय. घरचं बॅटरीवालं यंत्र घुर्र करून दंड आवळतं, आकडा दाखवतं. तो अजून पाऱ्याच्याच मिलिमीटरमध्ये असतो.