विमानाची चाके आणि वैमानिकाचा दोष : दुसऱ्या महायुद्धातील प्रशिक्षणाचा एक धडा

प्रस्तावना :
धावपट्टीवर विमानाची चाके मिटून विमान पोटावर घसरले, तर त्याची दोन कारणे संभवतात. यंत्रणा निकामी झाली असेल तर दोष यंत्राचा ठरतो. चालकाने चुकीची कळ फिरवली असेल तर दोष त्याच्या माथी येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या दोहोंमधील सीमारेषा कशी बदलली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
१९३० च्या दशकात हवेचा अवरोध कमी करण्यासाठी आत घेता येणारी चाके रूढ झाली. १९३६ मध्ये ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेले ॲव्रो ॲन्सन हे अशी चाके असलेले त्या दलातील पहिले एकपंखी विमान होय. त्याची चाके वर घेण्यासाठी हाताने दांडा सुमारे १४४ वेळा फिरवावा लागे. काम कष्टाचे असले, तरी ते अनवधानाने घडणे अशक्य होते. डिसेंबर १९३९ च्या करारानुसार कॅनडात सुरू झालेल्या राष्ट्रकुल प्रशिक्षण योजनेत हेच विमान मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. या योजनेतून १,३०,००० हून अधिक हवाई सैनिक तयार झाले.

दोषाची पुनर्मीमांसा :
अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानात मात्र चाके व पंखांमागील झडपा (फ्लॅप) विजेवर चालत आणि त्यांचे खटके एकसारखे व शेजारीशेजारी होते. विमान उतरल्यावर झडपा मिटण्याऐवजी चाके मिटण्याच्या घटना वारंवार घडत. त्यांची नोंद 'वैमानिकाची चूक' अशी होई. १९४३ मध्ये राइट फील्ड येथे मानसशास्त्रज्ञ अल्फान्स चपानिस यांनी निराळा प्रश्न विचारला : सी-४७ विमानाच्या वैमानिकांकडून ही चूक का होत नाही? त्या विमानातील कळींची रचनाच वेगळी होती. चपानिस यांनी चाकांच्या कळीला छोटे रबरी चाक आणि झडपांच्या कळीला पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवून उपाय सुचवला. स्पर्शानेच कळ ओळखता येऊ लागली. १९४७ मध्ये फिट्स व जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' ठरलेल्या ४६० अनुभवांचे विश्लेषण केले. त्यांपैकी सुमारे निम्म्या चुका एका कळीऐवजी दुसरी कळ हाताळल्याच्या होत्या.

निष्कर्ष :
चाकांच्या कळीचा आकार चाकासारखा असावा, हे तत्त्व पुढे अमेरिकन विमानवाहतूक नियमांत समाविष्ट झाले. अर्थात, कळींच्या आकारामुळे गोंधळ टळतो, विस्मरण टळत नाही. चाके खाली घेण्यास विसरणाऱ्यासाठी इशारा-भोंगा व तपासणी-सूची यांची गरज राहतेच. तथापि, अनेक विद्यार्थी एकाच ठिकाणी चुकत असतील, तर विद्यार्थ्यांना दोष देण्यापूर्वी साधन तपासावे, हा या इतिहासाचा बोध हवाई प्रशिक्षणापुरता मर्यादित नाही. तो कोणत्याही अध्यापनास लागू पडतो.